पहिली छोटी आगगाडी : आधी रूळ, मग इंजिन

दर वर्षी संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते. त्या गर्दीत खेळण्यांच्या एखाद्या दुकानापुढे एखादे पोर हटून बसलेले तुम्हीही पाहिले असेल. त्याला आगगाडी हवी असते. चावीची, सेलची, कसलीही चालेल; पण गोल गोल फिरणारी हवी. वडील थोडा वेळ नाही नाही म्हणतात, मग खिशात हात घालतात, घासाघीस होते आणि गाडी घरी येते. आठ दिवस घरभर झुकझुक चालते. नवव्या दिवशी चाक निसटते आणि गाडी माळ्यावर जाते. यात कोणी कोणाला फसवले असे मी म्हणत नाही. जत्रेतली गाडी जत्रेपुरती. तिने आठ दिवस आनंद दिला, पैसे फिटले.

आज मला ज्या गाडीविषयी चार गोष्टी सांगावयाच्या आहेत ती गाडी निराळी. खऱ्या आगगाडीची लांबी, रुंदी, उंची, चाकांचा घेर ही सारी मापे घेऊन, ती सगळी एकाच प्रमाणात लहान करून ही गाडी बनवतात. ती विजेवर चालते. तिला सांधे असतात, सिग्नल असतात, मालाच्या वाघिणी असतात. इंग्रजीतून आलेले मॉडेल ट्रेन हेच नाव आपल्याकडे रूढ झाले आहे. जगभर मुले तिच्याशी खेळतातच, पण पिकल्या केसांची माणसेही तिच्यात रमतात. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभर जमवलेल्या अशा गाड्यांचे संग्रहालय १९९८ सालापासून लोकांसाठी खुले झाले. तिथे एका दालनात आख्खे गाव, त्याचे रस्ते, पूल आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या आहेत. शाळेची सहल पुण्याला गेली, तर गुरुजींनी तिथे एक तास अवश्य काढावा.

ती पाहून आलेली माणसे मला भेटतात आणि विचारतात, "सर, आपल्यालाही एक संच घ्यायचा आहे. कोणतं इंजिन घेऊ?" मी काही विज्ञानाचा माणूस नव्हे, महाविद्यालयात इतिहास शिकवतो. परंतु या छंदात माझे पैसे आणि माझी फजिती, दोन्ही खर्ची पडलेली आहेत. तेवढ्या अधिकारावर सांगतो की, "कोणते इंजिन" हा प्रश्नच आधी विचारावयाचा नाही. आधी विचारावयाचे, "कोणते रूळ?" हे असे का, ते समजण्यासाठी आपल्याला दूर कुठे जावयास नको. आपल्या जिल्ह्याचाच इतिहास पुरे आहे.

१८६० साली मुंबईकडून येणारी रेल्वे सोलापूरला पोचली. ती ब्रॉडगेज. तिच्या दोन रुळांमधले अंतर साडेपाच फूट, म्हणजे १६७६ मिलिमीटर. पुढे होटगीहून विजापूर-गदगकडे मार्ग निघाला तो मीटरगेज. दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर. आणि १८९७ साली कुर्डुवाडीहून बार्शीकडे जी गाडी सुटली ती बार्शी लाईट रेल्वे. तिचे रूळ अवघे अडीच फुटांवर, म्हणजे ७६२ मिलिमीटरवर. तीन मापांच्या तीन रेल्वे एकाच मुलखात नांदत होत्या!

बार्शीच्या रेल्वेची कल्पना एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची. मोठी रेल्वे घालण्याइतका पैसा ज्या भागात निघणार नाही, तिथे छोटी रेल्वे घालावी, असे त्याचे म्हणणे. एका आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू द्यावयाचा नाही, म्हणजे हलके रूळ चालतात, हलके पूल चालतात आणि खर्च आवरतो, असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरोबर ठरला. ही छोटी गाडी पुढे लातूरला गेली, पंढरपूरला गेली आणि १९२७ साली थेट मिरजेला पोचली. १९५४ साली ती सरकारच्या मालकीची झाली.

परंतु या स्वस्ताईला एक किंमत होती, आणि ती कुर्डुवाडीच्या यार्डात मोजावी लागे. बार्शी-लातूरकडून आलेला माल मुंबईला जावयाचा, तर छोटी वाघीण मोठ्या रुळांवर जाणार कशी? हमालांनी पोती छोट्या वाघिणीतून काढावयाची आणि मोठ्या वाघिणीत भरावयाची. मुंबईहून आलेल्या मालाचे तेच, उलट्या दिशेने. पिढ्यान्पिढ्या हे चालले. अखेर या शतकाच्या आरंभीच्या दहा-बारा वर्षांत तो सारा मार्ग टप्प्याटप्प्याने उखडून ब्रॉडगेज करावा लागला. विजापूरकडची मीटरगेजही तशीच रुंद झाली. एकदा निवडलेले रुळांचे माप असे शंभर वर्षे माणसाच्या मानेवर बसते.

छोट्या गाडीचेही नेमके हेच आहे. आज एका मापाचा संच घेतला, पुढच्या वर्षी दिसायला सुरेख म्हणून दुसऱ्या मापाचे इंजिन घेतले, की घरातच कुर्डुवाडीचे यार्ड तयार होते. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळांवर चढत नाही, आणि आपण खोक्यांचे ढीग लावून बसतो.

आता ही मापे समजून घेऊ. सोलापूर हे सुताचे गाव. वीस नंबरचे सूत जाड आणि चाळीस नंबरचे बारीक, हे मागावर बसणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. नंबर वाढला की सूत बारीक. मॉडेल गाडीचेही तसेच. खोक्यावर १:८७ असे लिहिलेले असेल तर खऱ्या गाडीचे ८७ मिलिमीटर म्हणजे या गाडीचा १ मिलिमीटर. १:१६० असेल तर गाडी आणखी बारीक. याला प्रमाण म्हणावे. आणि दोन रुळांमधले अंतर म्हणजे गेज. प्रमाण हे गाडीचे, गेज हे रुळांचे. या दोन गोष्टींची गल्लत न करणे, ही या छंदाची मुळाक्षरे होत.

जर्मनीतील मार्क्लिन या कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत खेळण्यातल्या रुळांची ठराविक मापे मांडली आणि त्यांना क्रमांक दिले. पुढे एक नंबरहून लहान माप आले, त्याला शून्य म्हटले. इंग्रजीत शून्य आणि ओ हे अक्षर सारखेच दिसते, म्हणून लोक त्याला ओ म्हणू लागले. त्याच्या निम्मे ते हाफ ओ, म्हणजेच एच ओ. आज बाजारात जी नावे ऐकू येतात त्यांपैकी चार लक्षात ठेवली की पुरे. ओ गाडीचे रूळ ३२ मिलिमीटरवर असतात, एच ओचे साडेसोळावर, एनचे ९ वर आणि झेडचे साडेसहावर.

नुसत्या आकड्यांनी डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. म्हणून आपल्या रेल्वेचा हल्लीचा एलएचबी डबा घ्या. त्याची लांबी सुमारे साडेतेवीस मीटर. ओ मापात तो डबा सुमारे ५४ सेंटिमीटरचा होईल; म्हणजे मांडीवर घेण्याजोगा. एच ओमध्ये २७ सेंटिमीटर, साधारण शाळेतल्या फूटपट्टीएवढा. एनमध्ये १५ सेंटिमीटरच्या आतला, कंपासपेटीतल्या पट्टीइतका. आणि झेडमध्ये पावणेअकरा सेंटिमीटर, बोटभर. तेव्हा एच ओ मापात चोवीस डब्यांची पुरी गाडी उभी केली तर ती सव्वासहा मीटरांहून लांब होईल. कोणाच्या घरात एवढी खोली आहे? म्हणून जगभरचे छंदवाले चार-पाच डब्यांवर समाधान मानतात. आपणही मानावे.

यांतून निवडावे कोणते? ओ मापाची गाडी भारदस्त दिसते, पण तिला वाडा लागतो आणि वाड्याच्या मालकाचा खिसा लागतो. झेड इतकी लहान, की लहान मुलाच्या हातून ती रुळांवर नीट बसत नाही आणि धुळीचा एक कण तिला अडवतो. राहिली एच ओ आणि एन. घरात जागा अगदीच कमी असेल आणि हाताळणारा हात मोठ्या माणसाचा असेल, तर एन घ्यावी. दोन फूट रुंद आणि चार फूट लांब फळीवर तिची रेल्वे फिरते. परंतु घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल, किंवा संच शाळेसाठी असेल, तर माझे मत एच ओच्या बाजूला पडते. ती हातात धरता येते, डोळ्यांना दिसते, उघडून दुरुस्त करता येते आणि तिचे सुटे सामान सर्वांत अधिक मिळते.

इथे एक सूचना. ब्रिटिश बनावटीच्या पुष्कळ गाड्यांवर ओ ओ असे लिहिलेले असते. हॉर्नबी हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्या गाड्या या मापाच्या. त्यांचे प्रमाण १:७६, पण रूळ एच ओचेच, साडेसोळा मिलिमीटरचे. म्हणून ती गाडी एच ओच्या रुळांवर चालते. फक्त ती शेजारच्या एच ओ गाडीहून सातव्या हिश्श्याने मोठी दिसते. चालवायला हरकत नाही. शेजारी शेजारी उभी करू नये, इतकेच.

माप ठरले. आता दुकानात जावे काय? नाही. आता खडू आणि सुतळी घ्यावी. एच ओ संचातले वळण पुष्कळदा १८ इंच त्रिज्येचे, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटरचे असते. सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा, ४६ सेंटिमीटरवर दुसरे टोक जमिनीला दाबून धरा आणि वर्तुळ काढा. ते ९२ सेंटिमीटर रुंद भरेल. गाडीचे डबे वळणावर बाहेर झुकतात, शिवाय गाडी घसरली तर ती खाली पडू नये, म्हणून दोन्ही बाजूंना थोडी थोडी जागा सोडा. म्हणजे साडेतीन फूट रुंदी झाली. दोन्ही टोकांच्या अर्धवर्तुळांमध्ये सरळ रूळ घालावयाचे तर सहा फूट लांबी धरा. बाजारात प्लायवूडचा तक्ता आठ बाय चारचा मिळतो, तो सुताराकडून कापून घेता येतो.

हा खडूचा आराखडा दोन दिवस तसाच राहू द्यावा. त्यावरून कोण कोण जाते ते पाहावे. आईचा स्वयंपाकघराकडे जाण्याचा रस्ता त्यातून जातो का? रात्री अंथरूण कुठे पडते? कपाटाचे दार उघडते का? आणखी एक गोष्ट. तक्ता भिंतीला लावून ठेवणार असाल, तर पलीकडच्या कडेपर्यंत हात पोचतो का ते बघा. गाडी घसरते ती नेमकी पलीकडच्या कोपऱ्यात! हात पोचेल तेवढीच रेल्वे घालावी. दोन दिवसांत घरातले कोणी कुरकुरले नाही, तर जागा पक्की. कुरकुर झाली, तर आपण एनकडे वळावे किंवा उभा करून भिंतीला टेकवता येईल असा तक्ता करावा. पण हे सारे पैसे देण्याआधी कळले, हा केवढा फायदा! खऱ्या रेल्वेतही आधी मोजणीवाले साखळी घेऊन फिरतात, इंजिन मागून येते.

आता विजेची गोष्ट. इथे मी माझी फजिती सांगणार आहे. ती ऐकून तुमचे पैसे वाचावेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका नातलगाने अमेरिकेहून येताना माझ्या भाच्यासाठी एच ओ गाडीचा संच आणला. भाचा तेव्हा नऊ वर्षांचा. घरात सण असावा तसा आनंद. मी रूळ जोडले, इंजिन ठेवले, डबे ठेवले. वीज देणारी पेटी होती, तिची पिन आपल्या भिंतीतल्या जागेत बसेना. मी चौकातून पिन बदलण्याचा वीस-पंचवीस रुपयांचा जोड आणला, पेटी लावली आणि बटण दाबले. क्षणभर घरघर झाली, मग जळका वास आला आणि पेटीच्या फटींतून धूर निघाला. मी घाईने बटण बंद केले. भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "मामा, गाडी गेली का हो?" त्या प्रश्नाला उत्तर देताना माझी जी अवस्था झाली, ती सांगवत नाही.

चूक सर्वस्वी माझी होती. पेटीच्या पाठीवर बारीक अक्षरांत १२० व्होल्ट असे छापलेले होते. अमेरिकेत घरातली वीज तेवढ्या दाबाची असते. आपल्याकडे २३० व्होल्ट. पिनेचा जोड फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. एवढी साधी गोष्ट मला एका पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी समजावून दिली. सुदैवाने इंजिन वाचले होते. भिंतीच्या विजेशी त्याचा थेट संबंध नसतो. पेटी ती वीज उतरवून १२ व्होल्टच्या आसपास आणते आणि तेवढीच रुळांत सोडते. आम्ही आपल्याकडची १२ व्होल्टची पेटी मिळवली आणि पंधरा दिवसांनी गाडी धावली. परंतु ते पंधरा दिवस भाचा माझ्याशी बेताबेतानेच बोलत होता.

म्हणून सांगतो : परदेशातून कोणी संच आणणार असेल, तर आधी विचारा, पेटीवर काय छापले आहे? १०० ते २४० व्होल्ट असे असेल तर निर्धास्त असा. नुसते ११० किंवा १२० असेल तर ती पेटी तिथेच ठेवा आणि इकडची घ्या.

रुळांत सोडलेली वीज कशी चालते, हेही थोडक्यात सांगतो. एका रुळातून वीज जाते, चाकांवाटे इंजिनाच्या मोटारीत शिरते आणि दुसऱ्या रुळातून परत येते. म्हणून ही चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग केलेली असतात. दोन्ही रुळांवर धातूची एक पट्टी आडवी पडली, की वीज मोटारीत न जाता तिथूनच परत फिरते आणि गाडी थांबते. रुळांवर खिळा, टाचणी, पैसा पडू देऊ नये, हे त्यासाठीच. पेटीवरचा खटका फिरवला की विजेची दिशा बदलते आणि गाडी मागे जाऊ लागते. हा झाला साधा प्रकार. दुसरा प्रकार डीसीसीचा. त्यात प्रत्येक इंजिनात एक चिमुकला तुकडा असतो आणि त्याला त्याचा स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून एकाच रुळावरची दोन इंजिने वेगवेगळी चालवता येतात. ही सोय मोठी आहे, पण पहिल्या संचाला तिची गरज नाही. साधा संच घ्यावा; फक्त पुढे तो तुकडा बसवता येईल असे इंजिन असल्यास बरे. आणि मार्क्लिनच्या एच ओ गाड्यांची विजेची तऱ्हा निराळी असते. तिथे दोन रुळांच्या मधून तिसरा मार्ग असतो. त्या गाड्या इतर गाड्यांत मिसळू नयेत.

आता दुकानात चला. पैसे देण्यापूर्वी इंजिन चालवून दाखवायला सांगा. ते जोरात पळते का, हे पाहू नका. जोरात तर जत्रेतलेही पळते. ते अगदी हळू चालते का, ते पाहा. खटका जराच फिरवल्यावर गचका न देता निघाले आणि मुंगीच्या चालीने दोन हात गेले, तर इंजिन चांगले. मग मागे चालवून बघा. इंजिन उचलून पाहा. वजनदार असले तर रुळांना धरून राहते. चाके धातूची आहेत का आणि जितकी अधिक चाके वीज घेतील तितकी बरी, हेही विचारा. रूळ पितळेचे आहेत की निकेल सिल्व्हरचे, ते बघा. निकेल सिल्व्हरमध्ये चांदी नसते बरं का. ते तांबे, जस्त आणि निकेल यांचे मिश्रण. पण ते पितळेसारखे लवकर काळे पडून वीज अडवत नाही. आणखी, रुळांच्या जोडाची तऱ्हा प्रत्येक कारखान्याची वेगळी असू शकते. ज्या तऱ्हेचे जास्तीचे रूळ आणि सांधे पुढे मिळत राहतील, तीच घ्यावी.

कोणती गाडी घ्यावी, हा प्रश्न आता कुठे आला. पहिल्यांदा लहान इंजिन आणि चार-पाच आखूड वाघिणींची मालगाडी घ्यावी. लांब प्रवासी डबे पेटीत सुंदर दिसतात, पण घट्ट वळणावर अडखळतात. शिवाय मालगाडीला काम असते. वाघीण सोडावयाची, दुसऱ्या रुळावर न्यावयाची, परत जोडावयाची. नुसती गोल फिरणारी गाडी चार दिवसांत कंटाळवाणी होते. जिला काम आहे ती होत नाही. म्हणून संचात निदान एक सांधा आणि बाजूचा एक रूळ असावा. आपल्या रेल्वेच्या रंगातली मॉडेले थोडीच निघतात आणि ती महागही असतात. तेव्हा पहिले इंजिन परक्या देशाचे असले तरी मन खट्टू करू नये. परदेशी संचाची किंमत बहुधा पाच आकड्यांत जाते. ही रक्कम आपल्यासारख्यांना लहान नाही. म्हणूनच एवढी चौकशी.

घरी आणल्यावर आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे धूळ. सोलापूरचा उन्हाळा आणि त्याचा वारा तुम्हाला ठाऊक आहे. गाडी जमिनीवर चालवू नये. केस आणि सुताचे तंतू आसाला गुंडाळतात. काम झाले की तक्त्यावर जुनी चादर घालावी. रूळ पुसायला स्वच्छ कापडावर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावे. पॉलिशपेपरने घासू नये, त्याने ओरखडे पडतात आणि त्यांत काजळी साठते. तेल द्यावयाचे तर प्लॅस्टिकला न बाधणारे, टाचणीच्या टोकाएवढे. खोबरेल नको, थंडीत ते गोठते आणि इंजिन जागचे हलत नाही. उन्हाळ्यात रूळ तापून वाढतात, म्हणून जोडांत कागदाच्या जाडीची फट असू द्यावी. खऱ्या रुळांनाही पूर्वीपासून अशा फटी ठेवीत; चाकांचा खटखट ताल त्यांतूनच येई.

आता विशेषतः शिक्षकांना दोन शब्द. एका घराला जो संच परवडत नाही, तो दहा घरांना किंवा एका शाळेला परवडू शकतो. आणि शाळेत तो नुसते खेळणे राहत नाही. मुलांना विचारा, आपली गाडी ताशी ६० किलोमीटरने धावते आहे असे दिसायला हवे, तर एका सेकंदात तिने किती जावे? खरी गाडी सेकंदाला १६.६७ मीटर जाते. त्याला ८७ ने भागा. सुमारे १९ सेंटिमीटर येतात. आता १८ इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा परीघ काढा. तो २८७ सेंटिमीटर भरेल. म्हणजे एका फेरीला बरोबर १५ सेकंद लागले पाहिजेत. एका मुलाच्या हाती घड्याळ द्या, दुसऱ्याच्या हाती खटका द्या. त्रैराशिक, परीघ आणि वेग हे तीन धडे एका तासात होतात, आणि मागच्या बाकावरचे मूलही पुढे येऊन उभे राहते. चढाचेही तसेच. बोरघाटात रेल्वेचा चढ ३७ फुटांस १ फूट आहे, आणि तिथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात. तक्त्यावर तोच चढ करून बघा. किती वाघिणी चढतात ते मुलेच मोजतील.

शेवटी एक मनातली गोष्ट. लहानपणी आजीबरोबर मी कुर्डुवाडीहून पंढरपूरला त्या छोट्या गाडीने गेलो आहे. गाडी इतकी सावकाश जाई, की आजी खिडकीतून बाहेरच्या बायांशी चार वाक्ये बोलून घेई. आता त्या मार्गावर मोठ्या गाड्या धावतात. ते चांगलेच झाले. लातूरकराला मुंबईला जाताना कुर्डुवाडीला गाडी बदलावी लागत नाही. परंतु परवा वर्गात मी विचारले, "आपल्या जिल्ह्यातून अडीच फुटांची आगगाडी जात होती, कोणाला माहीत आहे?" एकही हात वर आला नाही. त्यांतले काही विद्यार्थी बार्शीचे होते.

आणि म्हणून हा हिशेब करून पाहा. बार्शीच्या गाडीचे रूळ ७६२ मिलिमीटरवर. एच ओच्या प्रमाणात, म्हणजे ८७ ने भागले, तर पावणेनऊ मिलिमीटर येतात. आणि एन गाडीचे तयार रूळ मिळतात ९ मिलिमीटरचे. जवळजवळ बरोबर! याउलट आपल्या ब्रॉडगेजला ८७ ने भागले तर सव्वाएकोणीस मिलिमीटर येतात, आणि आपण ती गाडी चालवतो साडेसोळावर, कारण ते माप परदेशातल्या रुळांचे. म्हणजे या छोट्या जगात मोठी रेल्वे थोडी खोटी आणि बार्शीची रेल्वे जवळपास खरी! आज एच ओ संच घेणाऱ्याने दोन-चार वर्षांनी त्याच तक्त्यावर, त्याच प्रमाणातली घरे आणि माणसे ठेवून, शेजारी ९ मिलिमीटरचा एक रूळ टाकला, तर जुने कुर्डुवाडी स्टेशन उभे राहते. एका फलाटावर मोठी गाडी, पलीकडे छोटी, मध्ये पुठ्ठ्याचे गोदाम आणि पोती वाहणारी दोन सेंटिमीटर उंचीची माणसे. जे उखडले गेले, ते असे एका फळीवर मुलांना दाखवता येईल.

ते पुढचे झाले. या रविवारी मात्र खडू आणि सुतळी घ्या, आणि ४६ सेंटिमीटर मोजा.